स्टेरॉइडच्या गोळ्यांचा हिशेब: दम्याचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
दम्याच्या रुग्णांवर उपचार करणारे सर्व फॅमिली डॉक्टर आणि फिजिशियन सहकारी यांस,

सस्नेह नमस्कार.

दम्याच्या ज्या रुग्णाला एका वर्षात दुसऱ्यांदा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स द्यावा लागला, त्याचे प्रकरण ‘अधूनमधून त्रास व्हायचाच’ असे म्हणून मिटवू नये, ते मुळापासून पुन्हा तपासावे, एवढ्या एका विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती लहान आहे. पण ती पाळायची तर पंप ओढण्याच्या पद्धतीपासून, सुजेमागील ठरावीक घटकालाच अडवणाऱ्या जैविक औषधांपर्यंत, बऱ्याच गोष्टींचा विचार एकत्र करावा लागतो, आणि म्हणून पत्र लांबले आहे.

गैरसमज होऊ नये म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. दम्याचा तीव्र झटका आलेला असताना प्रेडनिसोलोन हे गोळीतले स्टेरॉइड द्यायलाच हवे आणि ते लवकर द्यायला हवे. प्रौढांना दिवसाला ४० ते ५० मिलिग्रॅम याप्रमाणे पाच ते सात दिवस, आणि मुलांना वजनाच्या दर किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, पण दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर न जाता, तीन ते पाच दिवस, हे प्रमाण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. एवढ्या लहान कोर्सनंतर मात्रा हळूहळू उतरवत नेण्याचीही गरज नसते. या गोळ्यांना घाबरून झटका अंगावर काढणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे कोणीही या पत्राचा आधार घेऊन त्या टाळू नयेत. झटका ओसरल्यावर तो मुळात का आला, हे विचारायचे राहून जाते, त्याबद्दल मला लिहायचे आहे.

ते राहून जाते याचे कारण या गोळ्या फार चांगल्या लागू पडतात. रात्र बसून काढलेला माणूस तिसऱ्या दिवशी जिना चढून दवाखान्यात येतो, घरचे समाधानी असतात, डॉक्टरांच्या जिवाचा घोर मिटतो. पुढच्या वेळी रुग्ण स्वतःच ‘त्या मागच्या गोळ्या’ मागतो आणि त्याच्या पुढच्या वेळी विचारण्याचीही तसदी घेत नाही, कारण तोपर्यंत एक पट्टी त्याच्या घरच्या कप्प्यात येऊन पडलेली असते. तज्ज्ञाकडे असा रुग्ण पोहोचतो तेव्हा त्याच्या फायलीत वेगवेगळ्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या असतात, प्रत्येक चिठ्ठी त्या त्या दिवसापुरती बरोबर असते, आणि एकूण किती स्टेरॉइड पोटात गेले याची बेरीज मात्र कोणीच केलेली नसते.

ती बेरीज अवघड नाही. दिवसाला ४० मिलिग्रॅम याप्रमाणे पाच दिवसांचा एक कोर्स म्हणजे २०० मिलिग्रॅम. असे पाच कोर्स झाले की एक ग्रॅम. वर्षाला फक्त दोन कोर्स घेणारा रुग्ण अडीच वर्षांत एक ग्रॅमवर पोहोचतो आणि दहा वर्षांत चार ग्रॅमवर. दम्याच्या रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहासह अनेक दुष्परिणामांचा धोका एकूण अर्धा ते एक ग्रॅम मात्रेपासूनच वाढलेला दिसला. म्हणजे आपण ज्याला ‘कधीतरी दिलेले चार-दोन कोर्स’ म्हणतो, तेवढ्यातच ही रेषा ओलांडली जाते. मोतीबिंदू, ठिसूळ हाडे, रक्तदाब, वाढते वजन, मनःस्थितीतले चढउतार हे सगळे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले आहे. पण ते रोज स्टेरॉइड घेणाऱ्यांनाच होते, अशी एक सोयीची समजूत आपल्या मनात बसली आहे.

आणि हे दुष्परिणाम दूरचेच असतात असेही नाही. अमेरिकेतील सुमारे १५ लाख प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३० दिवसांपेक्षा कमी काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांमध्ये, कोर्स सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात, रक्तात जंतुसंसर्ग पसरण्याचे प्रमाण सुमारे पाचपट, शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होण्याचे सुमारे तिप्पट आणि हाड मोडण्याचे जवळजवळ दुप्पट आढळले. प्रत्यक्षात असे प्रसंग थोड्यांवरच येतात हे खरे, त्यामुळे झटक्यात गोळी देण्याचा निर्णय बदलत नाही. परंतु ‘चार दिवसांच्या गोळ्यांनी काय होते’ हे वाक्य आता तरी आपल्या तोंडी नसावे.

याच हिशेबात दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइडचे इंजेक्शनही धरले पाहिजे. एक सुई आणि कित्येक आठवडे आराम, हा सौदा रुग्णाला आवडतो. पण त्या कित्येक आठवड्यांत शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथी दबून राहते, आणि काही बिनसलेच तर औषध शरीरातून काढून घेता येत नाही. सांधेदुखीसाठी किंवा त्वचेच्या विकारासाठी दुसऱ्याच डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड रुग्ण आपण होऊन सांगत नाही. ते विचारावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. वारंवार झटके येणारा प्रत्येक रुग्ण तीव्र दम्याचा असतो का? नाही. एखादा झटका किती भयानक होता यावरून हे ठरत नाही. श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडची मोठी मात्रा आणि त्याच्या जोडीला दीर्घकाळ काम करणारे श्वासनलिका रुंदावणारे औषध, असे दोन्ही योग्य पद्धतीने आणि नियमित घेऊनही, शिवाय दमा चिघळवणाऱ्या इतर गोष्टींचा बंदोबस्त करूनही जो दमा आटोक्यात येत नाही, किंवा ही मात्रा कमी करताच जो पुन्हा उसळतो, त्याला तीव्र दमा म्हणायचे. दम्याच्या शंभर रुग्णांपैकी साधारण तीन ते दहा जण या व्याख्येत बसतात. वारंवार झटके येणाऱ्या बाकीच्यांचा दमा औषध फुप्फुसांपर्यंत पोहोचत नसल्यामुळे, किंवा दुसऱ्याच एखाद्या कारणामुळे, आटोक्याबाहेर असतो. या दोन गटांची सरमिसळ झाली की दोघांचेही नुकसान होते: एकाला नको ते महाग इंजेक्शन मिळते आणि दुसऱ्याला हवे ते मिळत नाही.

म्हणून पहिले काम म्हणजे रुग्णाला त्याचा स्वतःचा पंप घेऊन यायला सांगणे आणि आपल्यासमोर तो ओढायला लावणे. ‘पंप नीट घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते, त्यामुळे तो प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. प्रत्यक्ष पाहिले की दिसते: पंप न हलवताच तोंडात धरला जातो, आधी श्वास बाहेर सोडलेला नसतो, बटण दाबले जाते, आणि एका क्षणानंतर, औषध जिभेवर आणि टाळ्यावर बसून गेल्यावर, जोरात श्वास ओढला जातो, ओठांच्या कडेने पांढरा फवारा बाहेर येताना समोर बसलेल्याला स्पष्ट दिसतो आणि घेणाऱ्याला कळतही नाही. फवाऱ्याच्या पंपात श्वास सावकाश आणि खोल ओढायचा असतो, तर कोरड्या पावडरच्या पंपात तो जोराने ओढायचा असतो, आणि एकाच रुग्णाला दोन्ही प्रकार लिहून दिलेले असतील तर तो दोन्हींसाठी एकच पद्धत वापरतो. श्वास सुमारे दहा सेकंद रोखून धरणे, फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे औषध धरून ठेवणारी पोकळ नळी, लावणे, शेवटी चूळ भरून टाकणे, एवढ्या साध्या गोष्टींनी अनेकांचा ‘तीव्र’ दमा महिन्याभरात सौम्य होतो. स्पेसर धुऊन फडक्याने पुसला तर त्याच्या आत स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण भिंतीला चिकटून बसतात. तो साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यावा, हेही रुग्णाला सांगावे. पंप चुकीच्या पद्धतीने घेणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत ७० ते ८० टक्क्यांपर्यंत गेलेले आहे. एकदा शिकवून भागत नाही. काही आठवड्यांत हात पुन्हा जुन्या सवयीवर जातो. मी हे काम स्वतःच करते, कारण पाच मिनिटांत एवढा फरक पाडणारी दुसरी चिठ्ठी मला लिहिता येत नाही.

पद्धत बरोबर असेल तर पुढचा प्रश्न नियमितपणाचा. तो दरडावून विचारला तर खोटे उत्तर मिळते, म्हणून ‘आठवड्यातून किती दिवस राहून जातो?’ असे विचारावे. त्यानंतर दमा चिघळवणाऱ्या गोष्टी: नाकाची ॲलर्जी आणि नाकातील पॉलिप (मऊ गाठी), जठरातील आम्ल वर येणे, लठ्ठपणा, झोपेत श्वास अडणे, धूम्रपान, घरातील बुरशी, कामाच्या ठिकाणची धूळ आणि रसायने. औषधांपैकी ॲस्पिरिन आणि तत्सम वेदनाशामके काही रुग्णांना झटका आणतात हे आपल्या लक्षात असते, परंतु काचबिंदूसाठी डोळ्यांत घातले जाणारे टिमोलॉलचे थेंब विसरले जातात. डोळ्यांचे औषध रुग्ण ‘औषधांत’ धरतच नाही. आणि कधी कधी तो दमाच नसतो. श्वास आत घेताना स्वरतंतू जवळ येऊन गळ्याशी आवाज होणाऱ्या रुग्णाला वर्षानुवर्षे स्टेरॉइड मिळालेले असते. फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी एकदाही न करता दम्याचा शिक्का बसलेला असेल, तर ती आधी करून घ्यावी.

तात्पुरत्या आरामाच्या पंपाबद्दल एक आकडा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंचा राष्ट्रीय आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. अल्पकाळ काम करणारा आरामाचा पंप वापरणाऱ्या ज्या १६५ मृतांच्या चिठ्ठ्यांची मोजदाद उपलब्ध होती, त्यांपैकी ६५ जणांना मृत्यूच्या आधीच्या वर्षात असे १२ पेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते. सहा जणांना तर ५० पेक्षा जास्त. या पंपातील सालबुटामोलने श्वासनलिकेभोवतीचा स्नायू सैल होतो, आतली सूज तशीच राहते. दम्यावरील जागतिक मार्गदर्शक तत्त्वे तयार करणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने २०१९ साली एकट्या सालबुटामोलवर दमा सांभाळण्याची शिफारस मागे घेतली ती याचसाठी. त्याऐवजी श्वासनलिका दीर्घकाळ रुंद ठेवणारे फॉर्मोटेरॉल आणि श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड यांचा एकत्र पंप रोजच्यासाठी आणि त्रास झाला की वरून घेण्यासाठीही, असा दुहेरी वापरला, तर प्रत्येक आरामाच्या ओढीबरोबर सुजेवरचे औषधही आत जाते आणि तीव्र झटके कमी होतात. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांतच काम सुरू करते म्हणून हे जमते. त्याच गटातले पण सावकाश काम सुरू करणारे सालमेटेरॉल असलेला पंप असा वापरता येत नाही. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल यांच्या एकत्र पंपाच्या बाबतीत प्रौढांसाठी दिवसभरातील मर्यादा रोजच्या आणि गरजेच्या मिळून १२ ओढींची आहे. वारंवार कोर्स लागणाऱ्या रुग्णाला अजून या पद्धतीवर आणलेले नसेल, तर माझ्या मते दुसऱ्या कोणत्याही औषधाआधी हा बदल करावा.

एवढे करूनही दमा हटत नसेल, तर औषध वाढवायचे. स्टेरॉइडच्या पंपाची मोठी मात्रा, म्हणजे प्रौढांत कोरड्या पावडरच्या ब्युडेसोनाइडची दिवसाला ८०० मायक्रोग्रॅमच्या वर किंवा फ्लुटिकासोन प्रोपिओनेटची ५०० च्या वर, तीन ते सहा महिने देऊन पाहता येते; पण या औषधाचा बहुतेक फायदा लहान आणि मध्यम मात्रेतच मिळून जातो आणि पुढे दुष्परिणाम तेवढे वाढत राहतात, म्हणून उपयोग दिसला नाही तर मात्रा पुन्हा खाली आणावी. टायोट्रोपियम या श्वासनलिका रुंदावणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या औषधाची जोड देता येते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, दोन औषधे घेऊनही दमा आटोक्यात नसलेल्या रुग्णांमध्ये, टायोट्रोपियमने तीव्र झटक्याचा धोका २१ टक्क्यांनी कमी झाला होता. फायदा माफक आहे, पण औषध साधे आहे. ते स्टेरॉइडच्या पंपाशिवाय मात्र दम्यात देऊ नये.

मॉन्टेलुकास्टबद्दल आपण फार उदार आहोत असे मला वाटते. ॲलर्जीचे सर्दी-नाक सोबत असेल तर ते काही जणांना उपयोगी पडते, पण तीव्र दम्यात त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवण्यासारखी नाही, आणि झोपेतील भयस्वप्ने, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार अशा परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा घालायला लावला. गोळी सुरू करताना हे घरच्यांना सांगितले पाहिजे. थिओफिलिन या श्वासनलिका रुंदावणाऱ्या जुन्या औषधाचा विचार मी जवळजवळ सोडून दिला आहे: उपयुक्त आणि विषारी मात्रेत अंतर थोडे, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा इरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके दिली की रक्तातील पातळी वर चढते. सालबुटामोलच्या गोळ्यांनी हात थरथरतात आणि छाती धडधडते, त्या मानाने दम लागणे कमी होत नाही.

ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचे स्थान वेगळे आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४२० प्रौढांना ५०० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून तीन वेळा ४८ आठवडे, किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. निष्क्रिय गोळीच्या गटात दर रुग्णामागे वर्षाला १.८६ झटके आले आणि ॲझिथ्रोमायसिनच्या गटात १.०७. हा उपयोग सहा महिन्यांच्या आत जोखता येत नाही. सुरू करण्यापूर्वी हृदयाचा आलेख काढून, ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका दाखवणारे क्यूटी अंतर पाहावे, आणि थुंकीत क्षयाचे किंवा तत्सम जंतू नाहीत याची खात्री करावी, कारण एकट्या ॲझिथ्रोमायसिनने ते जंतू दाद न देणारे होऊ शकतात. सर्दीपडशाला तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन देण्याशी या उपचाराचा काहीही संबंध नाही.

यानंतरचा टप्पा जैविक इंजेक्शनांचा, आणि तो बहुधा तज्ज्ञाकडे होणार. पण त्याची किल्ली आपल्याच हातात आहे. ती म्हणजे रक्तातील इओसिनोफिल या, श्वासनलिकेच्या एका प्रकारच्या सुजेत वाढणाऱ्या, पांढऱ्या पेशींची संख्या. साध्या रक्ततपासणीत ती कळते, मात्र स्टेरॉइडची गोळी पोटात गेल्यावर काही तासांतच ती संख्या कोसळते. रुग्ण तज्ज्ञाकडे पोहोचतो तोवर त्याचा कोर्स चालू असतो किंवा नुकताच संपलेला असतो, तपासणीत इओसिनोफिल शून्याजवळ येतात, आणि ज्या औषधाने त्याला फायदा झाला असता त्याच्यासाठी तो अपात्र ठरतो. झटक्यात आलेल्या रुग्णाला पहिली गोळी देण्यापूर्वी, उपचार न थांबवता, रक्ताचा एक नमुना घेऊन ठेवला आणि अहवाल फायलीला लावला, तर पुढचे कित्येक महिने वाचतात. तसे जमले नाही तर कोर्स संपल्यावर निदान एक-दोन आठवडे थांबून तपासणी करावी, आणि कमी आली तर आणखी दोनदा करावी. मोठ्या मात्रेचा पंप चालू असतानाही संख्या मायक्रोलिटरमागे १५० किंवा अधिक असणे, किंवा उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड अब्ज भागांमागे २० भाग किंवा अधिक असणे, याचा अर्थ ही सूज जैविक औषधांना दाद देण्यासारखी आहे. संख्या खूप जास्त असेल तर पोटातील जंत आणि इतर कारणेही पाहावी लागतात. इओसिनोफिलना रोखणारी औषधे सुरू करण्यापूर्वी जंतांचा उपचार पूर्ण झालेला असावा.

ही निवड किती महत्त्वाची आहे हे मेपोलिझुमॅबच्या इतिहासावरून कळते. इओसिनोफिल वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-५ या शरीरातील रासायनिक संदेशाला अडवणारे हे औषध २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरसकट दम्याच्या रुग्णांना दिले गेले तेव्हा रक्तातील इओसिनोफिल कमी झाले, पण रुग्णांना फरक पडला नाही, आणि औषध जवळजवळ बाजूला पडले. २००९ साली ज्यांचे इओसिनोफिल खरोखर वाढलेले होते आणि ज्यांना वारंवार झटके येत होते अशाच रुग्णांवर दोन लहान चाचण्या झाल्या, आणि त्यांत झटके स्पष्टपणे घटले. औषध तेच होते, रुग्ण बदलले होते. २०१५ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

आज उपलब्ध असलेल्या इंजेक्शनांपैकी सर्वांत जुने ओमालिझुमॅब, २००३ पासूनचे. ते आयजीई या ॲलर्जी घडवणाऱ्या प्रतिपिंडाला बांधून ठेवते, त्याची मात्रा वजन आणि रक्तातील आयजीई यांवरून ठरते आणि दोन किंवा चार आठवड्यांनी ते त्वचेखाली दिले जाते. बारमाही ॲलर्जी सिद्ध झालेल्या, लहानपणापासून दमा असलेल्या रुग्णाला ते जास्त मानवते. मेपोलिझुमॅब दर चार आठवड्यांनी द्यायचे. बेनरालिझुमॅब इओसिनोफिल पेशीवरच्या ग्राहकालाच (संदेश स्वीकारणाऱ्या जागेलाच) चिकटून ती पेशी नष्ट करवते. पहिल्या तीन मात्रा चार-चार आठवड्यांनी आणि मग दर आठ आठवड्यांनी. ही दोन्ही उशिरा सुरू झालेल्या, नाकात पॉलिप असलेल्या, इओसिनोफिल बरेच वाढलेल्या दम्यात सरस ठरतात. ड्युपिलुमॅब इंटरल्युकिन-४ आणि १३ या दोघांचा मार्ग अडवते, दर दोन आठवड्यांनी घ्यावे लागते, आणि सोबत ॲलर्जीचा इसब किंवा पॉलिप असेल तर एका औषधात दोन कामे होतात. मात्र इओसिनोफिल १,५०० च्या वर असतील तर ते देऊ नये, कारण त्याने ही संख्या आणखी वाढू शकते. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टेझेपेलुमॅब श्वासनलिकेच्या अस्तरातून निघणाऱ्या टीएसएलपी या सुजेच्या पहिल्याच संदेशाला अडवते, म्हणून इओसिनोफिल कमी असलेल्या काही रुग्णांनाही त्याचा उपयोग होतो.

योग्य रुग्णाला ही औषधे दिली तर तीव्र झटके साधारण निम्म्याने कमी होतात. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट स्टेरॉइडच्या गोळ्या सुटण्याची. रोज स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बेनरालिझुमॅब घेणाऱ्यांची गोळ्यांची मात्रा मध्यमानाने ७५ टक्क्यांनी उतरवता आली, निष्क्रिय औषधाच्या गटात २५ टक्क्यांनी. मेपोलिझुमॅबच्या २०१४ मधील तशाच चाचणीत मात्रा ५० टक्क्यांनी उतरली, तर तुलनेच्या गटात उतरलीच नाही.

रुग्णाला या औषधांची माहिती देताना त्यांच्या मर्यादाही सांगाव्यात. ती दमा मुळापासून काढत नाहीत, चालू झटक्यात त्यांचा उपयोग नाही, आणि किमान चार महिने दिल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. ती महाग आहेत, आणि खर्च झेपेल का हे सुरू करण्याआधीच बोलून घ्यावे. चार इंजेक्शने घेऊन मध्येच बंद पडण्यात कोणाचेच हित नाही. ओमालिझुमॅबने क्वचित, हजारात एक-दोन जणांना, गंभीर ॲलर्जी होऊ शकते, म्हणून सुरुवातीच्या मात्रांनंतर रुग्णाला दवाखान्यात थांबवून ठेवावे. सर्वांत मोठा धोका मात्र बरे वाटण्याचा आहे. दोन-तीन इंजेक्शनांनंतर रुग्ण आपण होऊन पंप बंद करतो. पंप चालूच ठेवायचा असतो. आधी गोळ्या उतरवायच्या, मग इतर जोडऔषधे, आणि पंपाची मात्रा सर्वांत शेवटी, तीही पूर्ण बंद न करता.

दीर्घकाळ चाललेल्या गोळ्या उतरवताना अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपलेली असू शकते. थकवा, मळमळ, उभे राहिल्यावर चक्कर ही लक्षणे दम्याची नसून या ग्रंथीची असू शकतात. दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आसपास आल्यावर सकाळचे कॉर्टिसोल, म्हणजे या ग्रंथीचे संप्रेरक, तपासून पुढची पायरी उतरावी. ज्या थोड्या रुग्णांना कोणतेच जैविक औषध लागू पडत नाही किंवा मिळत नाही, त्यांना रोज गोळी द्यावी लागते. ती शक्य तितकी लहान, शक्यतो दिवसाला ७.५ मिलिग्रॅमच्या आत ठेवावी, आणि हाडांची घनता, साखर, रक्तदाब, डोळे यांच्या तपासण्या त्याच दिवशी फायलीत लिहून ठेवाव्यात, नंतर आठवतील या भरवशावर सोडू नयेत.

औषधांच्या एका परस्परक्रियेचा उल्लेख वेगळा करते, कारण ती सहज नजरेतून सुटते. दम्यात आयजीई खूप वाढलेले असेल आणि ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी सिद्ध झाली, तर इट्राकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध दिले जाते. हे औषध स्टेरॉइडचे यकृतातील विघटन अडवते, त्यामुळे पंपातील ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन रक्तात साचते. पंप घेणाऱ्या रुग्णाचा चेहरा गोल होऊ लागतो आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी दबते. अशा वेळी बेक्लोमेटासोन या स्टेरॉइडचा पंप अधिक सुरक्षित.

शेवटी, रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठीत काय असावे याबद्दल. ‘दमा, औषधांनी फरक नाही, कृपया पाहावे’ एवढ्यावर तज्ज्ञाला पहिले दोन महिने माहिती गोळा करण्यात घालवावे लागतात. गेल्या दोन वर्षांत स्टेरॉइडच्या गोळ्यांचे किंवा इंजेक्शनचे किती कोर्स झाले आणि कोणत्या महिन्यांत; गोळी सुरू होण्यापूर्वीचा इओसिनोफिलचा आकडा असेल तर तो तारखेसह; आरामाचे पंप वर्षाला किती लागतात; पंप आपल्यासमोर ओढून पाहिला का; नाक, वजन, झोप, धूम्रपान आणि डोळ्यांचे थेंब यांपैकी काय तपासून झाले; आणि फुप्फुसांच्या चाचणीचा एखादा जुना अहवाल. हे सारे एका पानात मावते. त्या पानाची एक प्रत रुग्णाकडेही द्यावी, म्हणजे मध्यरात्री तो एखाद्या अनोळखी डॉक्टरांपुढे बसलेला असेल तेव्हा पुढचा कोर्स त्याच पानावर, मागच्या कोर्सच्या खाली लिहिला जाईल.

आपली सहकारी,
एक छातीरोगतज्ज्ञ